घरातली एकच सायकल

घरात वाहन एकच असेल, तर सकाळी ते कोणाचे? बहुतेक घरांत हा प्रश्न कोणी विचारतच नाही. स्कूटर असो की सायकल, ती वडिलांची. आई मुलांचा हात धरून चालते, नाहीतर बसच्या रांगेत उभी राहते.

तामिळनाडूतल्या पापनाशमजवळच्या खेड्यातले हे घरही त्याला अपवाद नव्हते. पापनाशम हे तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना पापनाशम शिवन यांच्यामुळे हे नाव ओळखीचे असते. चहूकडे भातशेती, कावेरीचे कालवे आणि तळहातासारखी सपाट जमीन. सायकलला याहून चांगला मुलूख शोधूनही सापडायचा नाही.

नवरा भाताच्या गिरणीत हिशेब लिहायचा. उंच दांडीच्या काळ्या सायकलवरून तो एकटाच पुढे निघून जाई. बायको गावाबाहेरच्या शाळेत दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक करी. धाकटा मुलगा त्याच शाळेत, म्हणून मायलेक दोघे कालव्याच्या बांधावरून दोन किलोमीटर चालत जात.

गंमत अशी, की सायकल तिला नवऱ्याइतकीच चांगली येत होती! तिचे माहेर शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यातले. तिथे १९९१ मध्ये ‘अरिवोळी इयक्कम’ ही साक्षरतेची मोहीम सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकवायचे ठरवले. १९९२ च्या महिला दिनी दीड हजारांवर बायका सायकली घेऊन रस्त्यावर उतरल्या. टोमणे भरपूर बसले, पण शिकणाऱ्या थांबल्या नाहीत. लेडीज सायकलींचा तुटवडा पडला, तेव्हा पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना तर त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारे लिहून ठेवले आहे.

त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. लग्नानंतर सासरी सायकलला हात लावायची वेळच आली नाही. कोणी मनाई केली नव्हती. सायकल नवऱ्याची होती, एवढेच.

२०११ च्या जूनमध्ये थोरली मुलगी दहावी झाली. अकरावीची शाळा पापनाशमला, पाच किलोमीटरवर. सकाळच्या बसला दारापर्यंत माणसे लोंबकळलेली. आजी म्हणाली, “दहावी झाली ना? आता पुरे.” तामिळनाडूत २००१ पासून अकरावीच्या मुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या होत्या. आधी फक्त अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना, पुढे इतरांनाही. पण सायकल मिळणार ती शाळेत गेल्यानंतर, आणि शाळेत जायचे तर हवी सायकल! (बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे तीस टक्क्यांनी वाढली. अंतर हेच किती मुलींच्या शिक्षणाच्या आड येत असेल!)

“सायकल मला द्या. मी तिला सोडून वेळेत कामावर पोचते,” बायको म्हणाली.

“आणि मी?”

“तुम्ही धाकट्याला घेऊन चाला. त्याची शाळा तुमच्या वाटेवरच आहे.”

नवऱ्याला ते आवडले नाही. गिरणीत चालत जायचे म्हणजे चार जण विचारणार. आजीही सुनेवर दोन दिवस फुगून होती. तरी सोमवारी पदर खोचून तिने सायकल बाहेर काढली. एकोणीस वर्षांनी! पहिल्या वळणावर हँडल डगमगले, मागे बसलेली मुलगी ओरडली, पण तोल सावरला. संध्याकाळी मुलगी बसने आली. तेव्हा बसला गर्दी कमी असे.

इकडे बापलेक बांधावरून चालू लागले. पहिले दोन दिवस बोलणेच सुचेना. तिसऱ्या दिवशी बापाने सहज विचारले, “समोर काय लिहिलंय, वाच बघू?” रस्त्यापलीकडे खताच्या दुकानाची मोठी पाटी होती.

“कुठे, अप्पा?”

मुलाला पाटी दिसतच नव्हती. शाळेतला फळाही दिसत नव्हता. तो शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेत होता आणि गुण कमी पडले की बोलणी खात होता. रोज सोबत चालणाऱ्या आईलाही हे कळले नव्हते. तिची नजर बांधावरून धावणाऱ्या त्याच्या पायांवर असे. त्याच आठवड्यात तंजावरला जाऊन डोळे तपासले, चष्मा आला.

पुढे मुलीला शाळेतून सायकल मिळाली. काळी सायकल रिकामी झाली. बायकोने ती पुसून नवऱ्यापुढे उभी केली.

तो घेऊन निघाला, पण बसला नाही. एका हाताने सायकल ढकलत तो मुलाबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेला. मुलगा वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचत होता. मागून येणारी बायको म्हणाली, “उशीर होईल हं तुम्हाला.”

“होऊ दे,” तो म्हणाला.