दुभाषी

विलेपार्ल्यातील आमची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करावयाची ठरली, तेव्हा माळ्यावरून उतरलेल्या सामानात माझा १९९४ सालचा ४८६ संगणक निघाला. तो भंगारात द्यावा, असे घरच्यांचे मत पडले. ते अव्यवहार्य नव्हते. परंतु पीएच.डी.च्या काळात माझ्या आत्याकडून आणि तिच्या पार्ल्यातल्याच समवयस्क स्त्रियांकडून टिपलेले चितपावनी बोलीचे शब्द त्यातच होते. ध्वनिफिती बुरशीने केव्हाच गेल्या होत्या. फ्लॉपींचीही तीच गत.

यंत्र सुरू झाले, पण हार्ड डिस्कमधून घरघर ऐकू येऊ लागली. ती काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली, तर लॅपटॉपला ती दिसेचना. अडचण भाषेची होती. त्या जुन्या डिस्कला माहितीचा पत्ता तीन भागांत सांगावा लागे : सिलिंडर, हेड, सेक्टर, जणू चाळ, मजला, खोली. नंतरची यंत्रे एकच सलग क्रमांक सांगतात. अडॅप्टरला पहिली रीत येत नव्हती, डिस्कला दुसरी. दोन्ही जाणणारा दुभाषी हवा होता.

लॅमिंग्टन रोडवर ४० जीबीची एक वापरलेली आयडीई डिस्क मिळाली. माझ्या यंत्राहून ती एका पिढीने धाकटी. चाळीस पिनांच्या त्याच केबलवर जुनी डिस्क मास्टर आणि ही स्लेव्ह असे जम्पर लावले. (या संज्ञा कोणाला कशा सुचल्या असतील, हा विचार मनात येतोच.) वीज दिली. नव्या डिस्कची ओळख पटवून घेण्याच्या प्रयत्नात यंत्राने मानच टाकली.

याचे कारण मला विलक्षण वाटते. जुन्या बायॉसला सिलिंडर मोजता येतात १०२४, हेड २५६, सेक्टर ६३. आयडीईच्या रीतीत सिलिंडर ६५,५३६ असू शकतात, सेक्टर २५५. हेड मात्र १६च. म्हणजे स्वतंत्रपणे बायॉसची मजल सुमारे ८.४ जीबी, आयडीईची सुमारे १३७. पण दोघांची गाठ पडली की प्रत्येक रकान्यातली लहान संख्याच उरते : १०२४, १६, ६३. दर सेक्टरला ५१२ बाइट धरून गुणाकार करा. ५०४ एमबी येतात! दोघेही समर्थ, आणि संवाद एवढासाच. भाषासंपर्काच्या घटकात आपण पिजिनविषयी वाचले असेल, तर ते येथे आठवावे. तुलना तंतोतंत नाही. पण दोन्ही पक्षांपैकी कोणीही मुळात अल्पशब्द नसतो, एवढे तरी तिच्यातून ध्यानी येते.

मी सेटअपमध्ये जाऊन ते तीन आकडे स्वतःच भरले. यंत्राने निमूटपणे मान्य केले. चाळीस जीबीपैकी दीड टक्काही वापरात येईना, म्हणून मुलगा हळहळला. माझे सारे संशोधन तीन एमबीच्या आत होते. डिस्कचे विभाजन, फॉरमॅट, मग नक्कल; ती मिनिटभरात झाली. तेवढ्या वेळात घरघर दोनदा थांबली आणि दोनदा माझा श्वासही.

धाकटी डिस्क लॅपटॉपने लगेच ओळखली. अक्षरे मात्र अगम्य दिसली, कारण मजकूर इस्की संकेतात होता. जुन्या यंत्रात त्याला देवनागरी रूप देत असे ते सी-डॅकचे जिस्ट कार्ड. सुदैवाने युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. रूपांतराला एक संध्याकाळ पुरली.

आत्या घरात चितपावनी बोले आणि दारात कोणी आले की त्याच श्वासात प्रमाण मराठी. तिच्या शब्दांची यादी आता पडद्यावर नीट उमटली होती. वाचता वाचता एका नोंदीशी थांबलो. पुढे कंसात माझीच तीस वर्षांपूर्वीची टीप होती : ‘स्वर सानुनासिक की कसे? घाई नाही. आत्याला पुन्हा विचारणे.’

आत्याला जाऊन वीस वर्षे झाली. कंस तसाच ठेवला आहे.