एफवनराव

हे एफवनराव. राहणार कीबोर्डाच्या वरच्या आळीत, डावीकडून दुसरं घर. एका शेजाऱ्याचं नाव एस्केप, दुसऱ्याचं एफ-टू. व्यवसाय: मदत. त्यांना नावाने ओळखत नाही असा माणूस ऑफिसात सापडणार नाही. त्यांचा प्रत्यक्ष उपयोग झालेला माणूस शोधायला मात्र नाशिकच्या कॅनडा कॉर्नरपासून अंबडपर्यंत फिरावं लागेल. वाटेत मिसळ खायला थांबलात तर तेवढंच पदरात पडेल.

त्यांचा पहिला गुण म्हणजे न बोलावता येणं. एक्सेलच्या चौकटीत शिरून आकडा दुरुस्त करायचा तर एफ-टू लागतो. हिशेब लिहिणारी माणसं तो दिवसभर दाबत असतात, तेही न बघता. बोट अर्धा सेंटीमीटर डावीकडे सरकलं की रावसाहेब हजर. उजव्या अंगाला एक पांढरा पडदा सोडतात, त्यावर ठिपके गोल गोल फिरू लागतात, आणि इकडे शीट आकसून शेवटचे कॉलम गायब होतात. जुलैअखेर, रिटर्न भरायच्या धामधुमीत, शालिमारच्या बाजूला एका करसल्लागाराच्या ऑफिसात डोकावलो होतो. तिथल्या कीबोर्डांवर एस्केप आणि एफ-टू यांच्या मध्ये एक चौकोनी भोक, आणि भोकातून दिसणारा रबराचा करडा फुगवटा. बटणाची टोपी पेचकसाने उचकटून काढलेली. काढलेल्या टोप्या टाचण्यांच्या डबीत जपून ठेवल्या होत्या, कारण कीबोर्ड वॉरंटीत होते.

याउलट, गरजेला हाक मारून बघा.

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांचं एक पॅकहाऊस. फेब्रुवारीचा महिना, दारात कंटेनर उभा, आणि क्रेटच्या वजनांची यादी शेतकऱ्यांच्या नावांशी जुळवायची आहे. काम व्ही-लूकअपचं, पण चौथ्या जागी ट्रू लिहायचं की फॉल्स, तेवढंच आठवत नाही. पोराने मोठ्या विश्वासाने एफ-वन दाबलं. पडदा आला, ठिपके फिरले, थांबले. मग निरोप आला: इंटरनेट जोडलेलं दिसत नाही, जोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. फॉल्स एवढा एक शब्द सांगायचा होता! पोराने खिशातला मोबाईल काढला, यूट्यूबवर कुणा गुरुजींचा व्हिडिओ लावला आणि काम उरकलं. त्याच मोबाईलचं नेट रावसाहेबांनाही पुरवता आलं असतं, पण त्यांच्यासाठी हॉटस्पॉट चालू करण्याइतका जिव्हाळा कुणाला नव्हता.

त्यांच्या सबबी मात्र ऐकण्यासारख्या असतात, कारण त्यांतल्या बऱ्याच खऱ्या निघतात. नेट नाही, ही पहिली. ती खोटी पडली, म्हणजे बाकीच्या साइट उघडतात आणि हेच येत नाहीत, तर दुसरी: ‘तुम्हीच मला मनाई केली आहे.’ एमएस-ऑफिस बसवून देणारा मुलगा जाता जाता, मशीन हलकं राहावं म्हणून, प्रायव्हसीच्या सगळ्या खुणा काढून टाकतो. फाईल, मग अकाउंट, मग अकाउंट प्रायव्हसी, मग मॅनेज सेटिंग्ज, एवढ्या खोल्या ओलांडल्या की ऑनलाइन मजकूर उतरवून घेण्याची एक परवानगी दिसते. ती बंद असेल तर रावसाहेब दारातच अडतात. आणि अडलोय कशामुळे, हे सांगताना आवाज इतका खाली घेतात की ऐकणाऱ्याला वाटतं, नेटच गेलं.

तिसरी सबब मला सगळ्यांत आवडते. एका ऑफिसात जुना पीसी होता, रात्री मेन स्विचच बंद करायची शिस्त. एका सोमवारपासून रावसाहेब येईनात. राउटर बंद-चालू झाला. केबल काढून फुंकर मारून परत बसवली गेली. नेटवाल्याला तीन फोन झाले आणि त्याने तिन्ही वेळा आपल्या बाजूने सगळं ओके असल्याचं सांगितलं. शेवटी एमजी रोडवरून संगणक दुरुस्तीवाला मुलगा आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघितलं आणि हसला. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डावरची रुपयाएवढी सीआर-२०३२ बॅटरी मेली होती, त्यामुळे वीज तुटली की मशीनचं घड्याळ बालपणात जात होतं. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतच चालतं. मशीनच्या लेखी साल २००९, प्रमाणपत्र पुढच्या काळातलं; म्हणजे बनावट. रावसाहेब असल्या घरात पाऊल टाकत नाहीत. खरं तर ब्राउझर उघडला असता तर त्याने ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असं तोंडावर सांगितलं असतं. तो कुणी उघडला नाही, सगळे राउटरच्या दिव्यांकडे बघत बसले होते. रोग तोच, पण एक नाव घेऊन सांगतो आणि दुसरा नुसता ‘काहीतरी चुकलं’ म्हणून पाठ फिरवतो. रावसाहेबांबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. न येण्याला माझी हरकत नाही; न येण्याचं कारण न सांगण्याला आहे.

बँकेत किंवा सरकारी कचेरीत गेले की त्यांची भाषा आणखी अदबीची होते. तिथे फायरवॉल असते, प्रॉक्सी असते, बाहेरच्या वाटा वरूनच बंद केलेल्या असतात. मग पाटी झळकते: आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा. नाशिककराला यात नवल नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर शहराने बरीच वर्षं प्रशासकाच्या राज्यात दिवस काढले, संपर्क कसा साधतात हे त्याला ठाऊक आहे. छोट्या ऑफिसात तर प्रशासक म्हणजे तोच हेल्मेटवाला मुलगा, आणि तो सध्या सातपूरला प्रिंटरमध्ये अडकलेला असतो.

दुरुस्तीचा त्यांचा स्वतःचा उपायही त्यांच्याच वळणाचा. कंट्रोल पॅनेलमध्ये ऑफिस निवडून बदल करा म्हटलं की दोन पर्याय येतात: क्विक रिपेअर आणि ऑनलाइन रिपेअर. दुसरा जास्त पक्का. त्याला इंटरनेट लागतं.

रावसाहेब पूर्वी असे नव्हते, हे जुनी माणसं सांगतील. वर्डस्टारच्या दिवसांत मदत पडद्याच्या वरच्या भागात ठाण मांडून बसलेली असायची, कंट्रोलबरोबर कुठलं अक्षर दाबायचं ते सांगत. एफ-वन हा पत्ताही तेव्हा पक्का नव्हता. वर्डपरफेक्टमध्ये मदत एफ-थ्रीवर राहायची आणि एफ-वन दाबलं की चाललेलं काम रद्द व्हायचं. १९८७ साली आयबीएमने कोणत्या बटणाने काय करायचं याची नियमावली काढली, तिच्यात एफ-वन हे मदतीचं घर ठरलं, आणि हळूहळू सगळ्यांनी ते मानलं. आपल्याकडे टॅलीने फार उशिरा. टॅली ईआरपी नाइनमध्ये एफ-वनने कंपनी निवडली जायची. २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं आणि तिथेही रावसाहेबांनी कब्जा घेतला. वर्षानुवर्षं एका बोटाने कंपनी बदलणाऱ्या मुनीमजींच्या तोंडून तेव्हा जे शब्द निघाले ते छापण्याजोगे नाहीत.

मधल्या काळात सीडीवरून आलेली मदत मशीनमध्येच मुक्कामाला असायची. ऑफिस ९७ बरोबर तर रावसाहेबांचे एक धाकटे बंधूही आले, डोळे वटारणारी कागदाची पिन, क्लिपी. पत्राचा मायना लिहायला घेतला की लगेच ‘पत्र लिहिताय वाटतं?’ म्हणून पुढे. लोक इतके वैतागले की ऑफिस एक्सपीमध्ये त्याला मुळातच झोपवून ठेवलं आणि २००७ मध्ये घराबाहेर काढलं. पण तो बडबड्या असला तरी घरातला होता. वायर तुटली, पावसात नेट गेलं, तरी बोलायचा.

त्यानंतर मुक्काम हलू लागला. २००७ च्या मदतखिडकीत खाली कोपऱ्यात एक कळ होती: ऑनलाइन शोधू की या संगणकातलंच दाखवू? २०१३ च्या खिडकीतही नावाशेजारी बाण होता, त्यात ‘तुमच्या संगणकावरून’ हा पर्याय निघायचा. पुढच्या आवृत्तीत ती सोय गेली आणि रावसाहेब कायमचे परगावी राहायला गेले. त्यांची बाजूही सांगितली पाहिजे. मेनू आता महिन्या-महिन्याला बदलतात; सीडीवरची मदत चार महिन्यांत शिळी झाली असती आणि नसलेल्या बटणाकडे बोट दाखवत बसली असती. ताजेपणासाठी त्यांनी घर सोडलं, हे कारण मला पटतं. जाताना फळीवर एखादा डबा भरून ठेवायला काय झालं होतं, हे पटत नाही.

गंगापूर धरणाजवळ यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासूनचं. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. पुस्तकं छापून सुरगाण्या-पेठपर्यंत पोहोचवायची आणि विद्यार्थ्याने आपल्या ओसरीवर अभ्यास करायचा, ही तिथली रीत. रावसाहेबांनी नेमका उलटा प्रवास केला: घरोघरी होते, ते धरणावर जाऊन बसले.

त्यांच्या तोऱ्याची एक खूण सांगायची राहिली. लेखाच्या शेवटी, लेख अर्धाच उतरलेला असला तरी, ते विचारतात: या माहितीचा उपयोग झाला का? होय की नाही? नाही म्हटलं की, का, ते लिहून मागतात. विंडोजच्या डेस्कटॉपवर हाक मारलीत तर तेवढंही करत नाहीत. ब्राउझर उघडून बिंगवर शोधायला पाठवतात. चिठ्ठी देऊन दुसऱ्या डॉक्टरकडे.

आणि तरी त्यांच्याबद्दल कुणाच्या मनात फार राग नाही, कारण कुणी त्यांच्यावर विसंबूनच नव्हतं. एमएस-सीआयटीच्या वर्गात हजारोंनी ‘एफ-वन म्हणजे हेल्प’ हे पाठ केलं, परीक्षेत येईल म्हणून, आणि कामावर रुजू झाल्यावर शेजारच्या टेबलाकडे मान वळवली. ‘मॅडम, ते पान आडवं कुठून होतं हो?’ मॅडम खुर्ची न सोडता सांगतात, ‘लेआउट, ओरिएंटेशन, लँडस्केप.’ त्यांना नेट लागत नाही. तारीखही त्या भिंतीवरच्या कालनिर्णयात बघतात.

तर रावसाहेब रुसले की क्रम एवढाच ठेवा: आधी ब्राउझरमध्ये दुसरी साइट उघडते का बघा, मग कोपऱ्यातली तारीख, मग प्रायव्हसीची परवानगी, आणि शेवटी क्विक रिपेअर. मेलमधून आलेली सीएचएम प्रकारची जुनी मदत-फाईल डावीकडे अनुक्रमणिका दाखवून उजवीकडे कोरी राहत असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर खूण करा. विंडोजने ती परकी समजून अडवलेली असते. आणि लिब्रेऑफिस वापरत असाल तर त्यांच्याकडे मदतीची वेगळी फाईल अजून फुकट मिळते, ती एकदा बसवली की बिनानेटची चालते. मूळ सॉफ्टवेअरबरोबर ती आपोआप येत नाही. नेट सुरळीत आहे तोवर, आजच उतरवून घ्या.