वीस पाउंडांची दोरी

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावानं मला स्पिनिंग रॉड दिला. त्यावर लिहिलं होतं : दोरी १० ते २० पाउंड. वर्गात ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून ओरडणारा मी रीलमध्ये ५० पाउंडांची ब्रेड भरून बसलो! जिताडा तोडून जाऊ नये म्हणून ड्रॅगही करकचून आवळला. अब्बांचा तंगूस ताणला जायचा, झटका सोसायचा. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही. खाडीत मासा लागला. दोरी शाबूत, रॉड टोकाकडून मोडला.

आता तशाच दुसऱ्या रॉडवर २० पाउंडांची, म्हणजे सुमारे ९ किलोची ब्रेड आहे. ड्रॅग काट्यावर मोजून अडीच किलो. दोरी बारीक, म्हणून लांबही जाते. कालवांच्या खडकाला ब्रेड टिकत नाही, पुढं वावभर ४० पाउंडांचं फ्लोरोकार्बन लागतंच.

भाऊ फोनवर विचारतो, “भाईजान, रॉड कसा आहे?”

“अल्हम्दुलिल्लाह, छान,” मी म्हणतो. ईदला तो येतोय.