कागदाकडे न पाहता

चित्रकार भावनेच्या भरात असला की त्याची रेघ बोलकी होते, असा समज आहे. मला तो पटत नाही. मॉडेलवरून केलेल्या रेखाटनात रेघ बोलते ती पाहण्याच्या ओढीमुळे, आणि शिल्पकार रोदँच्या आयुष्यात हे फार स्वच्छ दिसतं. १८७७ मध्ये ब्रसेल्सला त्याचं ‘एज ऑफ ब्राँझ’ हे शिल्प मांडलं गेलं तेव्हा त्यानं जिवंत माणसाच्या अंगावरूनच साचा काढला असणार, असा आळ आला. ज्या बेल्जियन सैनिकाला समोर उभं करून त्यानं दीडेक वर्ष काम केलं होतं, त्याचे फोटो पुरावा म्हणून पुढे करावे लागले. शरीर घडवण्यात हात इतका बसलेला हाच माणूस उतारवयात मॉडेलला स्टुडिओत मनाला येईल तशी वावरू देई आणि तिच्यावरची नजर न काढता, कागदाकडे न बघता पेन्सिल चालवी. पाय कागदाबाहेर जाई, खांदा दोनदा उमटे. पण वळणारा खांदा एका जागी असतोच कुठे? १९०६ मध्ये कंबोडियाच्या राजनर्तकी पॅरिसला आल्या, तेव्हा तो त्यांच्या मागोमाग मार्सेलपर्यंत गेला. त्या नृत्याची दीडशेच्या आसपास रेखाटनं त्याच्या नावावर आहेत.

यावर कुणी म्हणेल, ज्याला शरीररचना येत नाही त्याला ही आयती पळवाट झाली. होतेच. पण कच्चा हात घोटीव छायाकामातही लपतो, फक्त तिथे तो मेहनती दिसतो. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. रोदँ यांतल्या कित्येक रेखाटनांवर नंतर दुसरा कागद ठेवून हवी तेवढीच रेघ उतरवून घेई, वर जलरंगाचा पातळ हात देई. मग उत्स्फूर्तता कुठे राहिली? (तिचे भक्त हा तपशील सहसा गाळतात.) माझ्या मते यानं मुद्दा पक्काच होतो: भावना ओसरल्यावरही कुठली रेघ खरी हे त्याला ओळखता येत होतं, कारण ती पाहून काढलेली होती.

हे पाहणं वर्गात कसं शिकवायचं? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तिथले तेव्हाचे प्रमुख ग्लॅडस्टोन सॉलोमन यांनी १९२०च्या सुमारास नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू केला. अशा लाइफ क्लासमधली लांब, स्थिर बैठक हवीच. प्रमाणं तिथेच कळतात. पण शिक्षकांनी तासातली शेवटची दहा मिनिटं मॉडेलला चालू द्यावं, आणि त्या वेळात खोडरबर गोळा करून घ्यावेत.