चाळीस किलोमीटरच्या आतली सुट्टी

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघतो : कुठे जायचे? आम्ही दोघेही शिक्षक. घराचे हप्ते, मुलीची शिकवणी आणि दवाखाना भागवून जे उरते, त्यात महाबळेश्वर बसत नाही. त्यामुळे प्रश्न निघतो आणि तसाच विरून जातो. गेल्या वर्षी मात्र आम्ही ठरवले, दोनच दिवस का होईना, वर्ध्याबाहेर पडायचे. कारण होते अम्मी.

अब्बांचा इंतकाल होऊन आठ महिने झाले होते. चार महिने दहा दिवसांची इद्दत केव्हाच संपली होती, तरी अम्मी अंगणापलीकडे गेल्या नव्हत्या. शेजारच्या लग्नालाही गेल्या नाहीत. "आता कशाला?" एवढेच म्हणायच्या. नात्यातल्या बायका कौतुक करत, "किती सब्र आहे!" आम्हाला मात्र तो सब्र वाटत नव्हता. त्यांचे जेवण निम्म्यावर आले होते आणि बोलणे त्याहून कमी.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे शेत हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या बाजूला आहे. शेतातच दोन खोल्या. तो कितीदा तरी बोलावत होता. अम्मींना सांगितले, तर त्यांचा पहिला प्रश्न, "लोक काय म्हणतील? वर्षही झाले नाही आणि ही फिरायला निघाली!" दुसरा प्रश्न, "नमाज कसर करावी लागेल का?" कसरसाठी आपल्याकडे साधारण ७७ किलोमीटरचे अंतर धरतात. आमचे शेत चाळीसच्या आत. "नमाज पूर्णच पढायची, अम्मी. शरियतच्या हिशेबाने हा सफरच नाही," आम्ही म्हणालो. बहुधा या उत्तरामुळेच त्या तयार झाल्या.

बोरच्या जंगलाला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे. मुलीला वाघ पाहायचा होता. तो काही दिसला नाही. पण दिवस मावळल्यावर शेताबाहेर पडायचे नाही, ही ताकीद मिळाली, तेवढ्यावर ती खूश. आम्ही धरणाचे भरलेले पाणी पाहिले, सागाच्या टेकड्या पाहिल्या. अम्मी सोबत होत्या, पण गप्पच.

दुसऱ्या दिवशी दव सुकल्यावर बायका कापूस वेचायला आल्या. अम्मी बाजेवर तसबीह घेऊन बसल्या होत्या. विद्यार्थ्याची आजी त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, तुमाले वेचता येते का?"

"लहानपणी आर्वीला वेचला आहे," अम्मी म्हणाल्या.

वीस वर्षे एका घरात राहून आम्हाला हे ठाऊक नव्हते!

त्या उठल्या, ओढणीची ओटी बांधली आणि तासात शिरल्या. दोघी शेजारशेजारच्या तासांतून पुढे सरकत होत्या. मध्येच आजीचे शब्द कानावर आले, "माहा म्हातारा जाऊन दोन सालं झाले." मग अम्मींचा आवाज आला. त्या अब्बांविषयी बोलत होत्या. आठ महिन्यांत आमच्याजवळ त्यांनी अब्बांचा विषय काढला नव्हता. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

दुपारी वजन झाले, अडीच किलो. विद्यार्थ्याने इतर बायकांच्याच दराने पैसे अम्मींच्या हातावर ठेवले. त्यांनी आधी नको म्हटले, मग रुमालात बांधले. "यांच्या नावाने सदका करीन. माझ्या कमाईचा," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

परतताना पवनारला धाम नदीच्या काठी थांबलो. इथल्या आश्रमात राहणाऱ्या विनोबांनी अरबी शिकून कुरआनच्या निवडक आयतींचे संकलन केले होते, हे आम्ही मुलीला सांगत होतो. अम्मी पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "चाळीस वर्षे ही नदी बसच्या खिडकीतूनच पाहिली."

घरी आल्यावर दोन-तीन टोमणे कानावर आले. त्यानंतर आम्ही बराच विचार केला. इद्दतची मुदत अल्लाहने ठरवून दिली आहे. तिच्यापुढचे महिने आपण लोक जोडतो आणि त्याला सब्र म्हणतो. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण विधवेला लागू नाही, असे कुठे सांगितले आहे? आपल्याही घरात कोणी अशा अंगणापुरत्या उरल्या असतील, तर त्यांना मोकळ्या हवेत घेऊन जा. त्यासाठी दूर जावे लागत नाही.

जानेवारीत तुरीच्या शेंगा भरतात. आजीने बोलावले आहे. परवा अम्मींनी स्वतःच विचारले, "तुमच्या शाळेला सुट्टी कधी आहे?"