गुरुजी आणि यंत्र

निवडणूक आली की आम्हां शाळामास्तरांना आदेशाचे कागद येतात. मग कुणाला जुनी कंबरदुखी आठवते, कुणाला मेव्हणीचे लग्न! १३ मे २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरात लोकसभेचे मतदान होते, तेव्हा मीही कुरकुरतच केंद्रावर गेलो. शिवाय यंत्राविषयी मनात थोडा किंतु होताच.

पहाटे साडेपाचला उमेदवारांचे प्रतिनिधी जमले आणि अभिरूप मतदान सुरू झाले. निदान ५० लुटुपुटीची मते टाकायची, यंत्रातले आकडे व कागदी चिठ्ठ्या ताडून पाहायच्या, सारे पुसायचे आणि मोहोरेच्या पट्टीवर प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. चौकात एकमेकांचे तोंड न पाहणारी ही माणसे एका बाकावर डोक्याला डोके लावून हिशेब जुळवीत होती. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. आज पेटी गेली, यंत्र आले. राखण मात्र अजून माणसांचीच.

दुपारी रणरणत्या उन्हात एक आजीबाई नातीचा हात धरून आल्या. मी बोटाला शाई लावीत असता त्यांनी हळूच विचारले, “गुरुजी, जिथं टाकलं तिथंच जातंय ना मत?”

“जातंय, आजी. बटण दाबा अन् काचेत बघा. चिठ्ठी सात सेकंद दिसते.”

हे उत्तर मला ठामपणे देता आले, कारण पहाटे मी स्वतः मोजले होते. आजीबाईंनी यंत्राची परीक्षा थोडीच घेतली होती? त्यांनी गुरुजीवर भरवसा ठेवला. तो ठेवायला तिथे कुणीतरी गुरुजी बसलेला हवा ना!