नावे बदललेली आहेत

गुन्हेगारी मालिकांच्या सुरुवातीला एक पाटी येते: सत्य घटनेवर आधारित, पात्रांची नावे बदललेली आहेत. आंबवड्यात ती वाचण्याच्या फंदात कोणी पडत नाही. आमच्या घरात मात्र बदललेले नाव कोणते ठेवले, याकडे सगळ्यांचे कान असतात. खून कसा झाला हे कळायच्या आतच अम्मा चुलीपाशी बसून विचारते, "नाम क्या बताया रे उसका?" नाव आपल्यातले नसले की ती निवांतपणे पुढची भाकरी थापते.

ही धास्ती एकट्या अम्माची नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यात ती आहे. नावावरून वाद कसा पेटतो ते २०२२-२३ च्या सुमारास सर्वांनी पाहिले. वसईच्या तरुणीच्या दिल्लीतील खुनाशी मिळताजुळता भाग 'क्राइम पेट्रोल'ने दाखवला, आरोपीला हिंदू नाव दिले, आणि टीका होताच वाहिनीने तो भाग मागे घेतला. मुलगी कशी मेली यापेक्षा मारणाऱ्याचे नाव काय, यावरच सगळी चर्चा झाली.

अदनान पत्रावालाच्या वेळी गोष्ट उलट होती. मेलेला पोरगा आपला होता. मुंबईतला, वय वर्षे १६. ऑगस्ट २००७ मध्ये त्याचे अपहरण झाले, दोन कोटींची खंडणी मागितली गेली आणि मृतदेह नवी मुंबईत सापडला. ऑर्कुटवरच्या ओळखीतून त्याला बोलावून नेल्याचे पोलिसांनी सांगितले. आमच्या घरातली पोरे तेव्हा भोरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ऑर्कुट बघायची. अब्बांनी ते जाणे बंद केले. ऑर्कुट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हते. पोरगा परत आला नाही एवढेच कळले होते. (ते ऑर्कुटही २०१४ मध्ये बंद पडले.)

जानेवारी २०१२ मध्ये सत्र न्यायालयाने या खटल्यातील चौघा आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. अशा निकालाचे मालिकावाले काय करणार? त्यांना तासाभरात खुनी हातकड्यांत दाखवावा लागतो, नाहीतर प्रेक्षक उठून जाईल. अदनानच्या आईबापांना मात्र साडेचार वर्षांनी जे मिळाले ते कोणत्याही भागाच्या शेवटी बसणारे नव्हते.

नोएडाच्या आरुषीचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. मे २००८ मध्ये तेरा वर्षांची ही मुलगी घरात मृतावस्थेत सापडली. घरातला नोकर हेमराज दिसत नव्हता, म्हणून पहिला संशय त्याच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर त्याचाही मृतदेह मिळाला. एक दिवस तो माणूस देशभर खुनी म्हणून गाजला आणि तोवर वर मरून पडला होता! त्या वर्षी एका गाजलेल्या कौटुंबिक मालिकेत याच्याशी मिळतेजुळते कथानक येणार होते, त्यावर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली. पुढे इतर नोकरांना अटक झाली, ते सुटले. २०१३ मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली. त्यांचे अपील अलाहाबाद उच्च न्यायालयात पडून असतानाच २०१५ मध्ये 'रहस्य' आणि 'तलवार' हे दोन चित्रपट येऊन गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आईवडील निर्दोष सुटले.

हेमराज नेपाळचा. त्या एका दिवसात त्याच्या घरच्यांनी शेजाऱ्यांना तोंड कसे दाखवले असेल, यावर कोणी भाग काढलेला आमच्या पाहण्यात नाही. परगावात पोटासाठी राहणारा, कोणाचा आधार नसलेला माणूस दिसेनासा झाला की संशय आधी त्याच्यावर जातो. तिथे धर्मही विचारावा लागत नाही.

आमचा पुतण्या पंधरा वर्षांचा. एसटीत बसून मोबाइलवर हेच सगळे बघतो. परवा झुलत्या पुलावर उभे असताना त्याने विचारले, "चाचा, मग आरुषीला मारलं कोणी?"

"कोर्टात सिद्ध झालं नाही," आम्ही म्हणालो.

"असं कसं? पिक्चरमध्ये तर दाखवलंय."